पुट्टीखालचा गंज



खरड छाटणी उरकून पंधरा दिवस झाले. या दिवसांत मी दरवर्षी सबकेन, विरळणी, पाण्याचं गणित असलं काहीतरी लिहितो. यंदा बागेचं कमी आणि पत्र्याचं जास्त लिहिणार आहे. गेले सहा आठवडे शेडमध्ये आमची जुनी मॅटाडोर उघडी पडली आहे आणि मी तिच्याखाली. बऱ्याच जणांनी फोटो बघून विचारलं, "राव, एवढा वेळ कशाला घालवताय, भंगारात द्या की." त्याला हे उत्तर आहे. उत्तर लांब आहे, पण त्यात तुमच्या ट्रॉलीचा आणि ब्लोअरचाही विषय आहे, म्हणून वाचा.

आधी गाडीबद्दल. मॅटाडोर म्हणजे आपल्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोची गाडी. कुळ जर्मनीतलं, टेम्पो आणि हानोमागचं. आपण आज कुठल्याही छोट्या मालगाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो तेही याच घराण्याचं नाव. कंपनीचं नाव 2005 साली बदललं, पण खेड्यात नाव राहिलं ते टेम्पोच. आमची गाडी 1991 ची. आण्णांनी ती 1996 ला जुनी घेतली, खाजगी नोंदणीची. इंजिन पुढं, जोर पुढच्या चाकांना, त्यामुळं मागं फरशी खाली आणि सपाट. म्हातारं माणूस सहज चढतं. हीच तिची खरी किंमत.

आषाढीला आमच्या गावची दिंडी पायी पंढरपूरला जाते. गाडी मागून चालते. दिवसा थकलेल्या बायका तिच्यात बसतात, रात्री चार-पाच जणी आत झोपतात. बाक बाजूला काढला की सतरंजी पसरायला जागा होते, वर कंदिलाची खुंटी, मागं पाण्याची टाकी आणि स्टो. शहरात याला कॅम्पर म्हणतात म्हणे. आम्ही 'दिंडीची गाडी' म्हणतो. पोरं तिला व्हिंटेज म्हणून फोटो टाकतात, पण कायद्यानं ती व्हिंटेज नाही. 2021 च्या नियमात त्यासाठी 50 वर्षांपेक्षा जास्त वय लागतं, आणि तशी नोंद केली तर गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आपल्याला शोकेसमध्ये ठेवायची गाडी नकोच आहे.

आता मूळ मुद्दा.

दोन वर्षांपूर्वी गाडीला ठिकठिकाणी गंज फुटला होता. दाराच्या खालच्या कडा, मागच्या चाकाची कमान, चढायची पायरी. मी तालुक्याच्या एका गॅरेजला गाडी लावली. डेंटिंग-पेंटिंग सगळं मिळून 38,000 रुपये. आठ दिवसांत गाडी आली ती अशी की आण्णांनी तिला हार घातला. दुधासारखी पांढरी, खाली निळा पट्टा, गंज नावाला नाही.

गेल्या आषाढीत दुसऱ्या मुक्कामाला, रात्री पाऊस चालू असताना, माझी आत्या मागच्या दारातून आत चढत होती. वय 74. पायरीवर एक पाय, फरशीवर दुसरा ठेवला आणि फरशीचा पत्रा कागदासारखा फाटला. पाय गुडघ्यापर्यंत खाली. वर ओढताना फाटक्या कडेनं पिंढरी उभी चिरली. नऊ टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आत्याची वारी अर्ध्यात राहिली. चालत्या गाडीत झालं असतं तर काय, हा विचार मी आजही रात्री करतो.

घरी आल्यावर जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलं आणि गाडीवरून फिरवलं. ज्यांची जुनी गाडी आहे त्यांनी आजच हे करून बघा. पत्रा असेल तिथं चुंबक घट्ट धरतं. पुट्टीचा थर जाड असेल तिथं सुटून पडतं. आमच्या गाडीच्या खालच्या वीतभर पट्ट्यात निम्म्या ठिकाणी चुंबक पडलं. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचलं. रंग फुटला, त्याखाली बोटाएवढी पुट्टी, त्याखाली पोत्याचा तुकडा, आणि त्याखाली तपकिरी चुरा. मागच्या फरशीची कड तर नुसत्या पुट्टीवर आणि वरून मारलेल्या काळ्या डांबरी रंगावर उभी होती.

राग आला. गॅरेजला जाऊन भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्हीच म्हणालात ना, आषाढीच्या आत पाहिजे, स्वस्तात भागवा, पण गाडी चकाचक दिसली पाहिजे."

मंडळी, मी तसं म्हणालो होतो. शब्द न् शब्द.

म्हणून हे लिहितोय. त्यानं फसवलंच. पत्रा कापून बघितल्यावर आतली अवस्था मला फोन करून सांगणं त्याचं काम होतं. पण मी मागितला होता रंग, आणि त्यानं रंग दिला. आपण शेतकरी मालाच्या बाबतीत असंच करणाऱ्याला काय म्हणतो? वरच्या थराला टपोरे घड आणि खाली बारीक मणी भरून पेटी बांधणाऱ्याला? तेच मी पैसे देऊन करून घेतलं, आणि त्यात माझ्याच माणसाचा पाय गेला.

गंज येतो कुठून

आपल्याला वाटतं गंज पावसानं येतो. पाऊस एकटा एवढं करत नाही. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि सोबत खार असला की काम दसपट जोमानं चालतं. तो खार गाडीत कोणी आणला? मीच.

गेली पंचवीस वर्षं या गाडीतून खताची पोती आली. पालाशसाठी आपण जे म्युरेट ऑफ पोटॅश वापरायचो ते पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे मिठाचाच भाऊ. त्यात वजनानं जवळपास निम्मं क्लोराईड. फाटक्या पोत्यातून चार मुठी फरशीवर सांडल्या, त्या रबरी मॅटखाली गेल्या, हवेतला दमटपणा ओढून बसल्या. युरियाही ओल धरतो. वर मॅट असल्यामुळं ते कधी वाळलंच नाही. मॅट आपण पत्रा राखायला टाकतो आणि तीच पत्रा खाते.

दुसरी गोष्ट मोरचूद. द्राक्षवाल्यांना हे पटकन कळेल. बोर्डो केल्यावर आपण काय करतो? स्वच्छ विळा द्रावणात बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून निवळी टाकायची. तो तांबूस थर म्हणजे तांबं. द्रावणातलं तांबं विळ्यावर बसतं आणि त्या बदल्यात विळ्याचं लोखंड द्रावणात जातं. म्हणून बोर्डो लोखंडी पिपात करायचं नाही, हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं. पण मोरचुदाची फुटकी पिशवी ओल्या फरशीवर ठेवून मी घरी यायचो तेव्हा हे ज्ञान कुठं जायचं? फरशी म्हणजे मोठा विळाच की.

उलट बाजूही आपल्याला माहीत आहे. मांडवाला आपण जीआय तार घेतो, काळी तार घेत नाही. जस्ताचा थर असतो म्हणून. तो थर चरा पडून थोडा गेला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. म्हणजे तांबं लोखंडाला खायला लावतं आणि जस्त लोखंडासाठी स्वतः मरतं. हे एवढं कळलं की कुठला प्रायमर कशासाठी हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, पाणी अडणं. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी त्यातून बाहेर जावं म्हणून. आमच्या चारही दारांची भोकं मातीनं आणि गॅरेजवाल्याच्या रंगानं बुजली होती. छपराच्या पन्हळीच्या सांध्यात शेवाळ होतं. मागच्या कमानीत तर पत्र्याच्या दुमडीत इतका चिखल होता की त्यात हरळी उगवली होती. चोपण रानात चर बुजले तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. निचरा नाही तिथं जमीन जाते, तसाच पत्रा जातो.

आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, हे लक्षात ठेवा. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की फुगतो आणि सांधा उचकटतो. रंगावर बारीक फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढं गेलेलं असतं. करप्याचा ठिपका पानावर दिसतो तेव्हा लागण आधीच होऊन गेलेली असते, तसंच.

मी काय केलं, आणि कुठं चुकलो

कोणी करणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून क्रमानं लिहितो.

एक. सगळं उतरवलं. बाक, मॅट, टाकी, स्टो, आतले प्लायचे तुकडे. बॅटरी काढून बाजूला. डिझेलची टाकी पूर्ण उतरवून शेडबाहेर नेली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. टाकीला स्वतः कधीच वेल्डिंग करू नका, धुतलेली असली तरी.

दोन. ग्राइंडरला वायर कप लावून पुट्टी आणि रंग काढला. चष्मा आणि मास्क सक्तीचा. वायर कपचे काटे सुटून मांडीत घुसतात, मला दोन घुसले. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ती धूळ अंगणात उडवायची नाही, कोंबड्या आणि लेकरं फिरतात तिथं तर नाहीच. मी खाली जुना शेडनेट नाही, तर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि पाणी मारत काम केलं. शेडनेटमधून धूळ खाली जाते, हे पहिल्या दिवशी कळलं.

तीन. कापलं. इथं मन घट्ट करावं लागतं. दिसतं त्या गंजाच्या कडेवर थांबायचं नाही, चकचकीत जाड पत्रा लागेपर्यंत मागं जायचं. खोडकिड्याची फांदी आपण भोकाजवळ कापत नाही, निरोगी लाकूड दिसेपर्यंत कापतो. मला वाटलं होतं चार ठिगळं लागतील. लागली एकोणीस.

चार. एका वेळी एकच बाजू. दाराखालचा लांब खोका पूर्ण कापला की गाडी मधून वाकू शकते. आधी आतून कोनाचा तात्पुरता आधार मारला, दार लावून फट मोजली, मग कापलं. गाडी जॅकवर कधीच नाही. खाली लाकडी ठोकळे आणि घोडे. जॅक सरकून माणसं गेलेली आहेत.

पाच. ठिगळाचा साचा द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्याचा. पुठ्ठा वाकवून, कात्रीनं छाटून नेमका बसवायचा, मग पत्र्यावर आखायचा. फरशीला 18 गेज सीआर पत्रा वापरला, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. बाहेरच्या अंगाला 20 गेज. जीआय पत्रा मुद्दाम टाळला, कारण त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. कुठं वापरावाच लागला तर सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढायचं आणि उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं.

सहा. वेल्डिंग. इथं माझी फजिती झाली. घरच्या साध्या वेल्डिंग मशीनवर मी ट्रॉली, गेट, नांगराचे फाळ सगळं जोडलंय. त्याच हातानं पातळ पत्र्याला रॉड लावला आणि नाण्याएवढी भोकं पडत गेली. भोक बुजवायला गेलो की भोक मोठं. दोन दिवस वाया घालवून शेवटी सीओटू मशीन भाड्यानं आणलं, 0.8 ची तार. सलग रेघ ओढायची नाही. इथं एक ठिपका, तिथं वीतभर लांब दुसरा, गार होऊ द्यायचं, मग मधला. सलग ओढली की पत्रा तापून पापडासारखा वाकतो.

सात. आग. कमानीच्या आत नमदा चिकटवलेला होता, तो मला दिसलाच नाही. वेल्डिंग संपवून जेवायला गेलो. पोरगा शेडमध्ये मोबाईल विसरला म्हणून परत गेला, तर आतून धूर. बादलीभर पाण्यानं विझलं. पाच मिनिटं उशीर झाला असता तर शेड, गाडी आणि शेजारचा कडबा गेला असता. तेव्हापासून नियम: पत्र्याच्या पलीकडं काय आहे ते हातानं चाचपल्याशिवाय ठिणगी नाही, ओलं पोतं आणि बादली शेजारी, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं.

आठ. जिथं पत्रा जाड होता पण खवल्या पडल्या होत्या तिथं फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजमारक लावलं. ते उरलेल्या गंजाचं फॉस्फेट करतं आणि पत्रा काळपट होतो. पण ते औषध आहे, पत्रा नाही. भोक पडलेल्या ठिकाणी त्याचा काही उपयोग नाही. सांध्यात ओतायचं नाही, कारण धुवून काढता येत नाही आणि मग तेच आतून खातं.

नऊ. कोऱ्या लोखंडावर त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. वेल्डिंगच्या सांध्यांना आधी जस्ताचा प्रायमर, तो नागड्या लोखंडाला चिकटला तरच काम करतो, गंजावर मारून उपयोग नाही. साध्या रेड ऑक्साइडवर आपला फार विश्वास असतो. रंग तांबडा आहे म्हणून तो गंज मारत नाही, आणि एकटा ठेवला तर ओल पूर्ण थांबवतही नाही. सांध्यांवर सीलर, मग रंग. पुट्टी वापरली का? वापरली. प्रायमरच्या वर, नखाएवढ्या थरात, खड्डे सपाट करायला. तिचं काम तेवढंच आहे.

दहा. पोकळ खोक्यांत आतून मेणाचा स्प्रे. जुने लोक जळकं इंजिन ऑइल मारायचे. पत्रा टिकतो, खोटं नाही. पण ते थेंब थेंब गळून आपल्याच रानात, विहिरीच्या पाण्यात जातं. मी नाही मारलं. आणि सगळ्यात शेवटी, रंग वाळल्यावर, प्रत्येक निचऱ्याचं भोक तार घालून मोकळं केलं.

एक काम मी केलं नाही. पुढच्या चाकांच्या आधाराजवळ आणि स्टेअरिंगच्या पट्टीजवळ एका ठिकाणी गंज होता. ते गावातल्या जाणत्या वेल्डरकडून करून घेतलं आणि त्यानं करताना मी शेजारी उभा राहिलो. ब्रेकचे लोखंडी पाइप गंजले होते, ते नवीन टाकले. आपल्याला बाजू मारता येते म्हणून आपण मिस्त्री होत नाही.

हिशोब

आता पैशाचं, कारण खोटा हिशोब लिहायचा नाही हे या पानाचं धोरण आहे. पत्रा, तार, गॅस, भाडं, प्रायमर, रंग, वेल्डर, ब्रेक पाइप सगळं मिळून 29,400 रुपये. माझे तास वहीत लिहिले, 170. पोराचे वेगळे. माझ्या तासाला शेतमजुराची मजुरी लावली तरी खर्च गाडीच्या भंगार किमतीच्या पुढं जातो. वर नोंदणी नूतनीकरण. 2022 च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीची ती फी 600 वरून 5,000 झाली होती, आणि पर्यावरण कर निराळा. नुसता पैसा बघितला तर "भंगारात द्या" म्हणणारे बरोबर आहेत. मी त्यांच्याशी भांडत नाही.

मग का केलं?

एक कारण भावनेचं, ते कबूल करतो. आण्णा, दिंडी, आत्या. पण फक्त भावनेसाठी 170 तास घालवा असं मी कोणाला सांगणार नाही.

दुसरं कारण असं. हे काम करताना मी शेडमधल्या बाकीच्या लोखंडाकडं बघायला लागलो. ट्रॉलीच्या फळीखालची ओल. ब्लोअरच्या सांगाड्यावर गंधकाचा पिवळा थर. पाण्याच्या टँकरचा तळ. पेरणीयंत्राच्या खतपेटीत गेल्या हंगामाचं उरलेलं डीएपी, दगड झालेलं. या सगळ्याची किंमत मॅटाडोरपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि सगळं त्याच वाटेनं चाललंय. ट्रॉलीची कडी गंजून तुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय होतं हे आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. यंदा मी ट्रॉलीची फळी पहिल्यांदा उचलली. हुकाजवळ चीर सापडली. ती चीर सापडली नसती, जर मी आधी गाडीच्या फरशीत हात घातला नसता. माझे 170 तास तिथंच वसूल झाले असं मी समजतो.

म्हणून माझं मत तीन वाक्यांत.

दुरुस्ती करून घेताना रंग विकत घेऊ नका, पत्रा विकत घ्या. गॅरेजला सांगा: कापल्यावर, पुट्टी मारायच्या आधी मी येऊन बघणार, तोवर निम्मेच पैसे. ज्याला हे चालत नाही त्याच्याकडं गाडी लावू नका, आणि स्वतःही "आषाढीच्या आत चकाचक" असली अट घालू नका.

चेसीला जोडणारे आधार, स्टेअरिंगचा आधार, सीट बसतात ती जागा, हे सगळं एकाच वेळी गेलं असेल तर गाडी सोडा. आण्णांची असली तरी सोडा. रीतसर भंगार केंद्रात द्या, नोंद रद्द करून घ्या. ती रंगवून दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका. सध्या बाजारात हे सर्रास चाललंय, आणि विकणारा व घेणारा दोघंही आपल्यातलेच असतात. गाडीत काही बदल करायचा असेल तर आरटीओची परवानगी लागते, तेही विसरू नका. म्हणून आमचे बाक मूळचेच आहेत, झोपायला नुसती सतरंजी.

तिसरं कृषी क्षेत्रातल्या तज्ज्ञ मंडळींना. तुम्ही शिबिरात फवारणीचं प्रमाण सांगता, पीएच सांगता, नोझल सांगता, फार चांगलं सांगता. शेवटची दहा मिनिटं फवारणीनंतर यंत्र कसं धुवायचं, खतपेटी कशी रिकामी करायची, कुठला पदार्थ लोखंडाला खातो, यालाही द्या. शेतकऱ्याचं भांडवल जमिनीत आहे तितकंच लोखंडात आहे. जमिनीचा अहवाल काढायला आपण शिकलो, लोखंडाकडं अजून कोणी खाली वाकून बघत नाही.

काही जण म्हणतील, "तुम्हाला वेळ आहे, शेड आहे, पोरगा हाताखाली आहे." खरं आहे. ज्याच्याकडं हे नाही त्यानं गाडी कापायला घेऊ नये, अर्धी कापलेली गाडी ही गंजक्या गाडीपेक्षा वाईट. पण चुंबक फिरवायला, मॅट उचलायला आणि निचऱ्याच्या भोकात तार घालायला शेड लागत नाही. पाऊस पडायच्या आत एक सकाळ काढा. खताची वाहतूक झाली की त्याच दिवशी पाण्यानं धुवा आणि मॅट न टाकता उन्हात वाळवा. एवढंच केलं असतं तर मला हे सगळं लिहावं लागलं नसतं.

गाडी परवा रंगून झाली. जवळून बघितलं तर एकोणीस ठिगळांच्या कडा ओळखू येतात, निळा पट्टाही थोडा वाकडा आहे. मुद्दाम फोटो जवळून टाकतोय. फरशीवर मी, पोरगा आणि वेल्डर असे तिघं एका जागी उभे राहून उड्या मारल्या.

आत्याला फोन केला होता. गाडी झाली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाबा, पोरीबाळींना बसायला होईल." स्वतः बसणार का हे ती बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. प्रस्थानाच्या दिवशी कळेल.

तुमच्या ट्रॉलीची फळी शेवटची कधी उचलली होती, तेवढं खाली लिहा. आणि उचलल्यावर काय दिसलं तेही लिहा, लाजू नका. मी आधी लिहिलंय.

रामकृष्ण हरी.